राजापूर तालुक्यातल्या जांभ्याच्या घराचं नवं वायरिंग : कामाच्या नोंदी

१२ जानेवारी २०२५

आत्याच्या घराची पाहणी. भिंती जांभ्याच्या चिऱ्याच्या, वर मंगळुरी कौलं, मध्ये लाकडी माळा. ओटी, माजघर, दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि मागच्या पडवीला लागून न्हाणीघर. एरवी आत्या आणि आतोबा दोघंच असतात. गणपतीत आणि मे महिन्यात घर माणसांनी भरतं, तेव्हा विजेचा भारही त्याच पटीत वाढतो. म्हणून हिशोब गणपतीतल्या घराचा करायचा, एरवीच्या घराचा नाही.

मीटरच्या खाली लाकडी फळीवर चिनीमातीचे किटकॅट फ्यूज आहेत, एक फेजला (वीज आणणारी तार) आणि एक न्यूट्रललाही (वीज परत नेणारी तार). ही जुनी पद्धत मला सगळ्यात जास्त भीतीदायक वाटते. न्यूट्रलचा फ्यूज उडाला की घर अंधारात जातं आणि माणसाला वाटतं वीज गेली. प्रत्यक्षात फेज प्रत्येक होल्डरपर्यंत जिवंत उभा असतो.

आत्या म्हणाली, "शॉक नव्हे रे, पावसाळ्यात फ्रिजला हात लावला की नुसत्या मुंग्या येतात." नुसत्या मुंग्या हे वाक्य कोकणात घरोघरी ऐकलं आहे. त्याचं कारण शोधल्याशिवाय नव्या वायरीचं एक टोकही आणायचं नाही, असं ठरवलं.

भाराची यादी: गीझर ३ किलोवॅट (नवा घ्यायचा आहे), इंडक्शन शेगडी २ किलोवॅट, फ्रिज, मिक्सर, वॉशिंग मशीन, पंखे, दिवे, दिव्या-पंख्यांपुरता इन्व्हर्टर. एका खोलीत पुढेमागे दीड टनाचा एसी येईल. वीजबिलावरचा मंजूर भार एक किलोवॅट आहे. तो वाढवून घ्यावा लागेल, त्यासाठी परवानाधारक ठेकेदाराचा टेस्ट रिपोर्ट लागतो. आतोबांना कागदपत्रं काढून ठेवायला सांगितलं.

१९ जानेवारी

मेन बंद केला, इन्व्हर्टर वेगळा बंद करून त्याच्या बॅटरीची वायर सोडवली, मगच बोर्ड उघडले. ज्या घरात इन्व्हर्टर आहे तिथे मेन बंद करणं म्हणजे अर्धंच बंद करणं. इन्व्हर्टरवरचं सर्किट त्या क्षणी उलट अधिक जिवंत असतं, कारण मेन गेल्याबरोबर तो कामाला लागतो. मदतीला येणाऱ्या पोराला हे आधी समजावलं, हत्यारं नंतर दिली. नुसत्या निऑन टेस्टरवर विसंबायचं नाही. आधी चालू पॉइंटवर टेस्ट लॅम्प पेटतो का बघायचा, मग बंद केलेल्या पॉइंटवर, मग पुन्हा चालू पॉइंटवर.

माजघरात सागवानी पट्टीवर क्लिपांनी बसवलेली रबरी आवरणाची वायर आहे. रबर इतकं सुकलंय की वाकवलं की त्याचा चुरा होतो. खोल्यांमध्ये नंतर कधीतरी ॲल्युमिनियमची वायर ओढली आहे. ॲल्युमिनियम स्क्रूखाली हळूहळू दबत जातं, जोड सैल होतो, त्यात पृष्ठभागावर ऑक्साइडचा थर धरतो आणि तो वीज नीट वाहू देत नाही. मग जोड तापतो, तापला की अजून सैल होतो. स्वयंपाकघरातला सॉकेट आतून तपकिरी होऊन ठिसूळ झाला होता, तो याच चक्रामुळे.

जुने वायरमन अजून 'तीन-बावीस', 'सात-वीस' अशा मापांत बोलतात. तीन-बावीस म्हणजे २२ गेजच्या तीन तारा. प्रत्येक तार ०.७१ मिमी व्यासाची, म्हणजे तिन्ही मिळून १.२ चौरस मिमीच भरतात. दुकानात ती दीडची म्हणून बदलून देतात, पण जुन्या घरात तीन-बावीस दिसली तर तिला दीडची समजून भार टाकायचा नाही.

मुंग्यांचं कारण सापडलं. स्वयंपाकघरातल्या सॉकेटची अर्थची पिन मागच्या बाजूला न्यूट्रलला जोडली होती. घरात अर्थिंगच नव्हतं, तेव्हा पूर्वी कुणीतरी ही पळवाट काढली. गावाच्या टोकाला न्यूट्रलवर काही व्होल्ट कायम असतात. संध्याकाळी जमिनीत खुंटी ठोकून मोजले तर १४ भरले. तेवढे फ्रिजच्या पत्र्यावर येत होते आणि ओल्या पायांना जाणवत होते. आता यात जानेवारीच्या पहिल्या नोंदीतला न्यूट्रलचा फ्यूज मिळवा. तो फ्यूज उडाला आणि माजघरातला एक दिवा चालू राहिला, की त्या दिव्यातून फेज न्यूट्रलच्या तारेवर येणार आणि तिथून थेट फ्रिजच्या अंगावर. मुंग्यांच्या जागी मृत्यू येईल. तो जोड मी लगेच तोडला आणि नवं अर्थिंग होईपर्यंत फ्रिजला अनवाणी हात लावायचा नाही असं आत्याला बजावलं. फ्रिजसमोर रबरी मॅट टाकली. हा कायमचा उपाय नाही, पण तोवरचा आहे.

२ फेब्रुवारी

आज वायरीच्या जाडीचा हिशोब. या नोंदीवर सगळ्यात जास्त वेळ गेला आणि जायलाच हवा होता.

दुकानात विचारलं की ठरलेलं उत्तर मिळतं: दिव्यांना दीडची, पॉवरला अडीचची, एसीला चारची. बहुतेक वेळा ते चालतं. पण का चालतं हे कळलं नाही तर न चालण्याची वेळही कळत नाही.

अडीच चौरस मिमीची तांब्याची पीव्हीसी वायर भिंतीतल्या पाइपमध्ये, भोवती ३० अंश तापमान असताना, २४ अँपिअर वाहू शकते असं तक्ता सांगतो. एप्रिल-मे महिन्यात कौलांखालच्या माळ्यावर ३० अंश कुठून राहणार? ४० धरले तर ०.८७ ने गुणायचं, उरले २०.९. एकाच पाइपमधून दोन सर्किटं नेली तर दोन्हींची उष्णता एकमेकींना लागते, म्हणून पुन्हा ०.८० ने गुणायचं. हातात राहिले १६.७ अँपिअर. म्हणजे याच वायरीवर १६ चा एमसीबी (प्रवाह वाढला की आपोआप पडणारा स्विच) बसतो, २० चा बसत नाही.

दीडची याच हिशोबाने १७.५ वरून १२.२ वर येते, तिला १० चा एमसीबी. चारची ३२ वरून २२.३ वर, तिला २० चा.

एमसीबी हा वायरीचा राखणदार आहे, यंत्राचा नव्हे. आणि राखणदाराचीही सवय माहीत असावी लागते. २० अँपिअरचा एमसीबी २० वर पडत नाही. त्याच्या १.१३ पट, म्हणजे २२.६ अँपिअरवर तो तासभर न पडता राहतो. १.४५ पट, म्हणजे २९ अँपिअर झाले तरी पडायला त्याला तासभर लागू शकतो, आणि मानकाला ते मान्य आहे. तेवढा वेळ वायर तापत असते. म्हणून 'एमसीबी सारखा पडतो, जरा मोठा टाका' ही सूचना मी कधीही मानत नाही. सारखा पडणारा एमसीबी काहीतरी सांगत असतो. एक तर भार वाढलाय, नाही तर कुठेतरी दोष आहे. मोठा टाकायचा असेल तर आधी वायर मोठी टाकावी लागते.

गीझरचा हिशोब वेगळा करावा लागला, कारण न्हाणीघर डीबीपासून (सगळे एमसीबी असलेल्या मुख्य पेटीपासून) लांब आहे, पाइपच्या वाटेने २८ मीटर. जाऊन-येऊन ५६ मीटर तांबं. ३ किलोवॅटचा गीझर २३० व्होल्टवर १३ अँपिअर घेतो.

दीडची वापरली तर वायरीचा रोध ०.७४ ओहम, वाटेत जवळजवळ १० व्होल्ट पडतील आणि १२६ वॅट उष्णता भिंतीतल्या वायरीत जिरेल. अडीचची वापरली तर ०.४५ ओहम, ५.८ व्होल्ट, ७५ वॅट. चारची वापरली तर ०.२८ ओहम, ३.६ व्होल्ट, ४७ वॅट. हे आकडे वायर गार असतानाचे आहेत. तापली की रोध आणखी वाढतो. दीडची तर इथे बादच आहे. अडीचची नियमात बसते, कारण दिव्यांव्यतिरिक्तच्या भाराला व्होल्टेज ५ टक्क्यांपर्यंत घसरलेलं चालतं. तरीही चारची घेतोय. गणपतीत सकाळी या गीझरला विश्रांती नसते आणि गावात संध्याकाळी आधीच व्होल्टेज खाली असतं. चारच्या वायरीवर १६ चाच एमसीबी बसवणार. वायर गरजेपेक्षा जाड असली तर काही बिघडत नाही.

ठरलेलं असं: दिवे-पंखे दीडची, १० चा एमसीबी, दोन सर्किटं. स्वयंपाकघरात अडीचची दोन स्वतंत्र सर्किटं, एक शेगडीसाठी, एक फ्रिज-मिक्सरसाठी. वॉशिंग मशीनला अडीचची वेगळी. गीझरला आणि एसीच्या जागेला चारची. मीटरपासून डीबीपर्यंत सहाची, ती पाइपमध्ये एकटी, तिला ३२ चा डबल पोल एमसीबी (फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारा). प्रत्येक सर्किटला अर्थची हिरवी वायर फेजच्याच जाडीची. अर्थची बारीक घेऊन पैसे वाचवण्याचा मोह पुष्कळांना होतो. दोष झाला की सगळा प्रवाह तिच्यातूनच जाणार असतो.

८ फेब्रुवारी

खरेदी. वायरीवर छापलेलं वाचल्याशिवाय कॉइल घ्यायची नाही. आयएस ६९४ (वायरीचं भारतीय मानक), ११०० व्होल्ट, आयएसआय चिन्ह आणि सीएम/एल ने सुरू होणारा परवाना क्रमांक. तो क्रमांक 'बीआयएस केअर' ॲपवर टाकला की परवाना कुणाचा आणि चालू आहे की नाही ते दिसतं. दुकानात उभ्याउभ्या होणारं काम आहे.

एफआर (आग पसरू न देणारी वायर) की एफआरएलएस (तीच, पण कमी धुराची), यावर आतोबांशी चर्चा झाली. दोन्ही आवरणं पीव्हीसीचीच असतात. एफआर आग पुढे पसरवत नाही. पण पीव्हीसी जळलं की हायड्रोक्लोरिक आम्लाचा वायू आणि काळा धूर होतो, आणि आगीत माणसं बहुतेक वेळा धुराने गुदमरतात. एफआरएलएसमध्ये धूर आणि आम्लवायू दोन्ही कमी असतात. त्यापुढची हॅलोजनमुक्त वायर, तिच्यात हा आम्लवायू नसतोच. लाकडी माळा आणि एकच जिना असलेल्या घरात दोन म्हातारी माणसं राहतात, म्हणून एफआरच्या खाली जायचंच नव्हतं. एफआरएलएस घेतली. हॅलोजनमुक्त मिळाली असती तर तीच घेतली असती. उंदरांपासून मात्र यातली कुठलीही वायर वाचत नाही, त्याला पाइपच हवा.

रंग: फेज लाल, न्यूट्रल काळा, अर्थ हिरवा, स्विचकडून दिव्याकडे जाणारी परतीची पिवळी. जुन्या घरात सगळ्या वायरी एकाच रंगाच्या होत्या.

घरी आणून कॉइल तपासल्या. अडीचच्या वायरीत ०.३ मिमीच्या ३६ तारा असायला हव्यात, दीडच्या वायरीत २२, चारच्या वायरीत ५६. टोक सोलून मोजल्या, एक तार ब्लेडने खरवडली. आतून पांढरी निघाली तर ती तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची तार. आपली आतपर्यंत लाल निघाली.

मग रोध. साधा मल्टिमीटर एवढा छोटा रोध नीट दाखवत नाही, म्हणून कॉइलच्या दोन टोकांतून २ अँपिअरचा डीसी प्रवाह सोडून व्होल्टेज मोजलं. ९० मीटर अडीचच्या वायरीचा रोध २० अंशांना ०.७२ ओहमच्या आत हवा, दुपारच्या ३० अंशांना ०.७५ पर्यंत. म्हणजे १.४९ व्होल्टच्या आत. १.४४ आले. तुलनेसाठी बाजारातली एक बिनचिन्हाची, 'अडीच' लिहिलेली कॉइल मागून आणली होती. तिच्यावर २.१ व्होल्ट आले. म्हणजे आत तांबं जेमतेम पावणेदोन चौरस मिमीचं, नाही तर धातूच हलका. त्या कॉइलवर कुणी २० चा एमसीबी लावून गीझर चालवला तर काय होईल याचा हिशोब वर २ फेब्रुवारीच्या नोंदीत आहेच. ती कॉइल दुकानदाराला मोजमापासकट परत केली.

१६ फेब्रुवारी

झिरी मारायला सुरुवात. जांभा कापायला मऊ, पण कडा ढासळतात, म्हणून कटरने दोन रेघा मारून मधलं छिन्नीने काढायचं. झिरी सरळ उभी किंवा सरळ आडवी, तिरकी कधीही नाही. पुढे कुणी तसबिरीसाठी खिळा मारला तर पाइप कुठून गेला असेल याचा अंदाज बोर्ड बघूनच यायला हवा. गिलावा करण्यापूर्वी प्रत्येक भिंतीवर मोजपट्टी धरून फोटो काढले.

पाइप २५ मिमीचे, जाड प्रतीचे. पाइपची पोकळी वायरींनी ४० टक्क्यांपेक्षा जास्त भरायची नाही. इंटरनेटची वायर वेगळ्या पाइपमधून.

९ मार्च

माळ्यावरचे पाइप झाले. पुढे शिमगा, पालखी वाडीत येणार, घरोघर फिरणार. काम बंद. उघड्या पेट्यांची तोंडं टेपने बंद केली, कारण घरात पोरं येणार.

२२ मार्च

वायरी ओढल्या. एका पाइपमधल्या सगळ्या वायरी एकदम ओढायच्या. नंतर एकटी ओढली की आधीच्या वायरींचं आवरण घासतं. अडकली तर टाल्कची पूड वापरायची. तेल, ग्रीस अजिबात नाही, पीव्हीसीला ते बाधतं. पाइपच्या आत एकही जोड नाही. जोड असेल तर तो पेटीत, टर्मिनलवर, कधीही उघडून बघता येईल असा.

टोकांना लग मारून क्रिंप केले. बारीक तारांची वायर थेट स्क्रूखाली दाबली की काही तारा बाहेर पसरतात, आणि भोकात मावत नाही म्हणून चार-दोन तारा कापणारे हातही मी पाहिलेत. तारा कापल्या की त्या टोकाला वायर अडीचची राहत नाही, पण एमसीबीला ते कळत नाही. पोराला म्हटलं, "भोकात मावत नसेल तर टर्मिनल बदल, वायर सोलून बारीक करू नको." त्याने दुसऱ्याच बोर्डला स्वतःहून मोठं टर्मिनल मागितलं, तेव्हा बरं वाटलं.

५ एप्रिल

अर्थिंग. जांभ्यात हे काम सगळ्यात कठीण. खाली कातळ, माती पातळ, आणि एप्रिलमध्ये ती कोरडी ठणठणीत. विहिरीकडच्या बाजूला ४० मिमीचा, अडीच मीटर लांबीचा जीआय पाइप पुरला. अर्थ टेस्टरने मोजलं तर २६ ओहम. पाच मीटर सोडून दुसरा पुरला आणि दोन्ही जोडले, १५ ओहम. दोन इलेक्ट्रोडमध्ये लांबीच्या दुप्पट तरी अंतर हवं, नाही तर दुसरा फुकट जातो.

१५ ओहम असताना गीझरचा फेज त्याच्या पत्र्याला चिकटला तर काय होईल? २३० भागिले १५, साधारण १५ अँपिअर. १६ चा एमसीबी एवढ्याने पडतच नाही. अर्थिंग आहे, एमसीबी आहे, तरीही गीझरचं अंग जिवंत उभं राहणार, आणि त्याखाली ओल्या अंगाचा माणूस. 'अर्थिंग केलंय' एवढ्यावर कोकणात कुणी निर्धास्त राहू नये. इथल्या जमिनीत अर्थिंगच्या जोडीला आरसीसीबी हवाच.

आरसीसीबी फेजमधून गेलेला आणि न्यूट्रलमधून परत आलेला प्रवाह सारखा आहे का एवढंच बघतो. ३० मिलिअँपिअरची तफावत झाली की तोडतो. ३० मिलिअँपिअरच्या आरसीसीबीसाठी अर्थचा रोध १५ ओहम असो की १५० ओहम, तो वेळेत तोडतो. पण जादा भारावर तो काही करत नाही, त्यासाठी एमसीबी वेगळा हवाच. दोन आरसीसीबी घेतले: एकावर न्हाणीघर, वॉशिंग मशीन आणि स्वयंपाकघर, दुसऱ्यावर उरलेलं घर. रात्री गीझरमुळे एक पडला तरी जिन्यावरचा दिवा राहील. वॉशिंग मशीन आणि इन्व्हर्टर एसीमध्ये इलेक्ट्रॉनिक सर्किट असतं, म्हणून 'एसी' या साध्या प्रकारच्या आरसीसीबीऐवजी 'ए' प्रकारचे घेतले (हा 'एसी' म्हणजे एअर कंडिशनर नव्हे).

न्यूट्रलची पट्टी प्रत्येक आरसीसीबीला स्वतंत्र. इन्व्हर्टरच्या सर्किटचा न्यूट्रलही वेगळा. एका सर्किटचा फेज आणि दुसऱ्याचा न्यूट्रल असं झालं की आरसीसीबी विनाकारण पडत राहतो, आणि मग वैतागून त्याला बायपास करणारे लोक भेटतात.

१२ एप्रिल

चाचण्या. सगळी उपकरणं काढून, दिवे उतरवून, ५०० व्होल्टच्या मेगरने (वायरीच्या आवरणाचा रोध मोजणाऱ्या यंत्राने) फेज-न्यूट्रल जोडून अर्थशी मोजलं. किमान १ मेगाओहम हवा. सगळी सर्किटं २०० च्या वर, एक मात्र ६ वर. नियमात बसतं, पण नव्या वायरीला ६ शोभत नाही. पेट्या एकेक उघडत गेलो. मागच्या पडवीतल्या पेटीत गिलाव्याचा ओला माल टर्मिनलवर बसला होता. साफ करून, सुकवून पुन्हा मोजलं, २०० च्या वर.

प्रत्येक सॉकेटच्या अर्थ पिनपासून डीबीपर्यंत सलगता तपासली. प्रत्येक स्विच फेजच तोडतो ना, तेही. न्यूट्रल तोडणारा स्विच दिवा विझवतो, पण होल्डर जिवंत ठेवतो.

२० एप्रिल

टेस्ट रिपोर्ट दिला होता, भार वाढून आला. जुना फ्यूज बोर्ड उतरवला, घर नव्या डीबीवर आणलं. फ्रिजच्या पत्र्यापासून जमिनीतल्या खुंटीपर्यंत व्होल्टेज: शून्य.

आत्याला आरसीसीबीचं टेस्ट बटण दाखवलं. म्हणाली, "म्हणजे दर महिन्याला मी घरातली वीज घालवायची?" म्हटलं, हो, संकष्टीला दाबायचं आणि लगेच वर करायचं. दाबून पडला नाही तर मला फोन. महिन्यातून एकदा येणारा आणि तिच्या कधीही न चुकणारा दिवस तोच आहे.

शेगडीसाठी वापरात असलेला एक्स्टेन्शन बोर्ड काढून घेतला. त्याची वायर ०.७५ ची, सहा अँपिअरची, आणि शेगडी खाते पावणेनऊ. भिंतीतली वायर कितीही चांगली घातली तरी शेवटच्या दोन मीटरला अशी वायर लागली की आग तिथे लागते. आता शेगडीला तिचा स्वतःचा १६ अँपिअरचा सॉकेट आहे.

१५ जून

यंदा पाऊस मे महिन्यातच आला, त्यामुळे भिंती पूर्ण भिजल्या आहेत. तपासायला हीच खरी वेळ. मेगरवर सगळ्यात कमी आकडा न्हाणीघराचा, ८५ मेगाओहम. अर्थ ९ ओहमवर आलं, ओल्या जमिनीचा आकडा म्हणून त्यावर खूश व्हायचं नाही, हिशोब एप्रिलच्या १५ वरच धरायचा. गीझरच्या टर्मिनलचे स्क्रू पुन्हा आवळले, पाव फेरी घेतली. पहिल्या काही महिन्यांत तांबंही थोडं बसतं.

डीबीच्या दाराच्या आत सर्किटांचा तक्ता चिकटवला: कुठला एमसीबी कुठल्या खोलीचा, त्यामागे किती जाडीची वायर, आणि 'यापेक्षा मोठा एमसीबी लावू नये' ही ओळ लाल शाईने. भिंतींचे फोटो छापून आतोबांकडे दिले, घराच्या कागदांबरोबर राहतील. एसीचा पॉइंट अजून कोरा आहे, टोकं टर्मिनलमध्ये बंद करून ठेवली आहेत. अर्थ पुन्हा मोजायचं पुढच्या एप्रिलमध्ये, जमीन पूर्ण सुकल्यावर.